ऐकून घेणारा डॉक्टर ऑनलाइन घडतो का?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं एकदम उद्घाटन झालं, तेही ऑनलाइन! त्यात बुलडाण्याचं कॉलेजही होतं. म्हणजे मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडच्या पेशंटला आता जिल्ह्यातच शिकणारे डॉक्टर भेटणार. पण ते त्याचं ऐकून घेतील का?

ही शंका जुनीच आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी तपासल्या. पेशंट बोलायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवत होते. एवढ्यात एक रीलही धड संपत नाही! २००९ मध्ये अमेरिकेतल्याच जेफरसन मेडिकल कॉलेजच्या अभ्यासात दिसलं, की विद्यार्थ्यांमधली सहानुभूती तिसऱ्या वर्षी घसरते. तिकडे नेमकं याच वर्षी वॉर्डातलं काम सुरू होतं.

चांगली गोष्ट ही, की ती शिकवताही येते. बोस्टनच्या डॉ. हेलन रीस यांनी शिकाऊ डॉक्टरांना एकेक तासाची तीन सेशन्स दिली. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गुण दिले होते पेशंटनी आणि ट्रेनिंग घेतलेले डॉक्टर पुढे होते. पुढे रीस यांनी हे ट्रेनिंग ऑनलाइनही आणलं.

आपल्याकडे २०१९च्या बॅचपासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ आहे. म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. यातली २७ मॉड्यूल्स चारही टप्प्यांत विभागली आहेत. पहिल्याच वर्षी एक विषय असतो, ‘पेशंट असणं म्हणजे काय?’ लॉकडाउनमध्ये लेक्चर्स मोबाइलवर आली, तेव्हा हे धडेही स्क्रीनवर शिकायची वेळ आली.

ऑनलाइनचा फायदा आहेच. व्हिडिओ पॉज करून बोलता येतं, ‘इथं डॉक्टरनं मान वर करून बघितलंच नाही.’ पण कॅमेरा बंद ठेवून, दुप्पट स्पीडनं पळवूनही कोर्स ‘कम्प्लीट’ होतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! शिवाय स्क्रीनवरचा पेशंट पुस्तकी भाषेत बोलतो. इकडची आजी म्हणणार, ‘जीव घाबरून रायला रे बाप्पा.’ आता छातीत दुखतंय, दम लागतोय की घरचं टेन्शन आहे? ते निवांत विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि सोबत आलेल्या सुनेची आजची मजुरी बुडालेली असते, एसटीची वेळही गाठायची असते.

म्हणून व्हिडिओनंतर गावात जायलाच हवं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि सुरुवातीलाच तिथं मुक्कामी शिबिर करते. आता देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक योजना आली आहे.

मेडिकलला असाल तर पुढच्या ओपीडीत एवढं करून बघा. ‘काय होतंय?’ विचारा आणि एक मिनिट मध्ये बोलू नका.