संकेतस्थळावरून निघालेला ई-मेल कोठे अडतो?

संस्था म्हटली की पत्रव्यवहार आलाच. सभेची सूचना, वर्गणीची पावती, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच ही कामे पूर्वी पोस्टकार्डावर होत. आता अनेक लहान संस्थांची स्वतःची संकेतस्थळे आहेत आणि काहींनी ती भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःच बसविली आहेत. अर्ज भरला की संकेतस्थळ आपोआप ई-मेल पाठविते. पण तो पोहोचलाच नाही तर? मुलाखतीची तारीख निघून जाते आणि गरजू विद्यार्थ्याला वाटते, आपला अर्ज नाकारला गेला. संस्थेच्या दप्तरी मात्र "ई-मेल पाठविला" अशीच नोंद असते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही. सभासदांनी व विद्यार्थ्यांनीही तो समजून घेतला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी, ती ही की "पाठविला" म्हणजे "पोहोचला" नव्हे. वर्डप्रेससारखी प्रणाली ई-मेल तयार करून सहसा आपल्याच सर्व्हरवरील टपाल-प्रोग्रामच्या हाती देते आणि काम झाले असे सांगते. पत्र पेटीत पडले एवढाच त्याचा अर्थ. पुढे तीन टप्पे उरतात: आपल्या सर्व्हरवरून बाहेर पडणे, समोरच्या सर्व्हरने स्वीकारणे आणि वाचणाऱ्याच्या मुख्य पेटीत जाऊन पडणे. एकाच वेळी दहा गोष्टी बदलून पाहण्यापेक्षा पत्र कोणत्या टप्प्यावर अडले हे आधी शोधावे.

पहिला टप्पा. सर्व्हरवर टपालाची रोजनिशी असते, तिला लॉग म्हणतात. त्यात आपल्या ई-मेलची नोंदच नसेल, तर दोष संकेतस्थळात आहे. नोंद आहे, पण पत्र रांगेत पडून आहे आणि जोडणीची वेळ संपल्याचा शेरा आहे, तर बाहेरचा रस्ता बंद असण्याची शक्यता मोठी. दोन सर्व्हरमधील टपाल २५ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते. नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी गूगल क्लाउड, अ‍ॅमेझॉन यांसारख्या सर्व्हर पुरविणाऱ्या कंपन्या हे पोर्ट मुळातच बंद ठेवतात. अशा वेळी एखाद्या ई-मेल सेवेत खाते उघडून, ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून, नाव व पासवर्ड देऊन तिच्यामार्फत टपाल पाठविणे हा सोपा उपाय होय. जीमेलचे खाते वापरायचे असल्यास नेहमीचा पासवर्ड तेथे चालत नाही. खात्याला दुहेरी पडताळणी लावून १६ अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

दुसरा टप्पा. समोरचा सर्व्हर प्रत्येक पत्राला आकड्यात उत्तर देतो आणि ते लॉगमध्ये उमटते. २५० म्हणजे स्वीकारले. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे "आता नाही, नंतर या". आपला सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्स हा प्रोग्राम तर मुळात ५ दिवसांपर्यंत करीत राहतो. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. त्यापुढील वाक्य काळजीपूर्वक वाचावे, कारण बहुधा त्यातच सांगितलेले असते: पत्ता चुकीचा आहे, पेटी भरली आहे, की पाठविणाऱ्यावर विश्वास नाही.

हा अविश्वास का? ई-मेल वाहून नेण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली ठरली, तेव्हा पाठविणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय तीत नव्हती. कोणीही कोणाचेही नाव लिहू शकत असे. पुढे त्यावर तीन उपाय आले आणि तिन्ही आपल्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत लिहावयाचे असतात. एसपीएफ सांगते की आमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर न दिसणारी सही करते. डीमार्क सांगते की या तपासण्यांत पत्र नापास झाले तर त्याचे काय करावे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्वांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी आवश्यक केले. दिवसाला सुमारे ५००० किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही लागतात. लहान संस्थेनेही तिन्ही करून ठेवणे हिताचे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी. नवी सेवा घेतल्यावर दुसरी नोंद न लिहिता पहिलीतच भर घालावी. सर्व्हरच्या आयपी क्रमांकावरून त्याचे नाव सांगणारी उलट नोंदही लागते. ती बहुधा सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडे करावी लागते.

तिसरा टप्पा. पत्र स्वीकारले गेले, पण स्पॅममध्ये पडले. येथे एक चूक फार आढळते. अर्जदाराचाच जीमेल पत्ता "प्रेषक" म्हणून घालून संकेतस्थळ संस्थेला पत्र पाठविते. आपला सर्व्हर जीमेलचा नसल्याने ते बनावट ठरते. प्रेषक नेहमी आपल्याच डोमेनचा असावा आणि अर्जदाराचा पत्ता "उत्तर येथे पाठवा" या रकान्यात द्यावा. जीमेलमध्ये पत्राचे मूळ रूप उघडले की एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क यांचा निकाल समोर दिसतो.

दुरुस्ती झाल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या ई-मेल सेवांच्या पत्त्यांवर चाचणी घ्यावी. डोमेन, सर्व्हर व ई-मेल सेवेचे पासवर्ड एकाच व्यक्तीजवळ न ठेवता कार्यकारिणीच्या दप्तरी सुरक्षित ठेवावेत, म्हणजे कार्यकर्ता गावाबाहेर असला तरी काम अडत नाही. शेवटी एवढेच की कोणाही विद्यार्थ्याचे भवितव्य एका ई-मेलवर टांगून ठेवू नये. प्रत्येक अर्ज संकेतस्थळावरही साठवावा, अर्ज भरताच पडद्यावर अर्ज क्रमांक दाखवावा आणि मुदतीच्या आठ दिवस आधी यादी घेऊन ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना फोन करावा. तंत्र सुधारीत राहावे, पण माणसाची विचारपूस बंद पडू देऊ नये.