श्प्रेकाठचा थांबलेला पाळणा

बर्लिनला गेलेल्या पाहुण्याला भिंतीचे उरलेसुरले तुकडे कुणीही दाखवतं. श्प्रेपार्कला मात्र आपलं आपण जावं लागतं. ट्रेप्टोवर पार्क स्टेशनवर उतरायचं, श्प्रे नदीकाठची वाट धरायची आणि प्लेंटरवाल्डच्या झाडीत शिरायचं. मी गेलो तेव्हा झाडांच्या शेंड्यांवरून आकाशपाळणा डोकावत होता. ४५ मीटर उंच, ४० डबे आणि माणूस एकही नाही. वारा आला की तो स्वतःच थोडासा सरकायचा आणि कुरकुरायचा. बंद पडलेली बाग बघायला लोक एवढ्या लांबून का येतात, ते त्या कुरकुरीने निम्मं तरी कळतं.

उरलेलं निम्मं कळायला थोडं मागे जावं लागतं. ऑक्टोबर १९६९ मध्ये, पूर्व जर्मनीच्या विसाव्या वाढदिवसाला, सरकारने ही बाग उघडली. तेव्हाचं नाव ‘कुल्टुरपार्क प्लेंटरवाल्ड’. त्या देशातली कायमस्वरूपी करमणुकीची बाग ही एवढीच, त्यामुळे गर्दीला तोटा नव्हता. भरभराटीच्या दिवसांत वर्षाला सतरा लाखांच्या आसपास माणसं येत. जुना पाळणा काढून हा ४५ मीटरचा उभारला तो १९८९ मध्ये, देशाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी. वाढदिवस झाला ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात भिंत पडली. पुढच्या ऑक्टोबरात तो देशच नकाशावरून गेला. पाळणा राहिला.

मग बाग नॉर्बर्ट विट्टे यांच्या हाती आली. घराणं फिरत्या खेळांचं. घराण्यातल्या ओट्टो विट्टे यांनी तर १९१३ मध्ये आपण पाच दिवस अल्बानियाचे राजे होतो, असं आयुष्यभर सांगितलं. इतिहासकारांचा त्यावर काडीचा विश्वास नाही, पण हँबर्गमधल्या त्यांच्या थडग्यावर ‘अल्बानियाचे माजी राजे’ असं कोरलेलं आहे. अशा घरातला माणूस छोटा विचार कशाला करेल? विट्टे यांनी डांबर उखडून हिरवळ आणि पाणी आणलं, बंद पडलेल्या मिरापोलिस या फ्रेंच बागेतले पाळणे विकत घेतले. पूर्वी प्रत्येक खेळाचं वेगळं तिकीट असे. आता दारातच एकदा पैसे भरायचे, ही पद्धत सुरू झाली.

हिशेब काही जमला नाही. आजूबाजूचं रान संरक्षित ठरलं आणि गाड्या लावायला जागा उरली नाही. सहकुटुंब गाडीने येणारा माणूस गाडी ठेवणार कुठे? तिकिटाचा दर वाढला, तसे लोक कमी झाले. २००१ पर्यंत आकडा चार लाखांच्या घरात घसरला होता. कर्ज कोटी युरोच्या वर गेलं आणि त्या वर्षीच्या हंगामानंतर दार बंद झालं ते झालंच.

जानेवारी २००२ मध्ये विट्टे कुटुंबासह पेरूच्या लिमा शहरी निघून गेले. जाताना सहा पाळणे कंटेनरांत भरून नेले. पाळणे दुरुस्तीला चालले आहेत, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती! लिमातही धंदा बसला. २००३ मध्ये त्यांतलाच ‘उडता गालिचा’ हा खेळ जर्मनीला परत धाडायचा होता, तेव्हा त्याच्या पोकळ लोखंडी खांबात दीडशे किलोहून जास्त कोकेन सापडलं. विट्टे यांना जर्मनीत सात वर्षांची शिक्षा झाली, त्यांच्या मुलाला पेरूत वीस वर्षांची. करमणुकीच्या धंद्याची याहून करुण अखेर मला तरी माहीत नाही.

इकडे बागेत गवत माजलं. पहारेकरी असूनही कुंपणावरून उड्या मारून पोरं आत शिरत. पुढे माणशी पैसे घेऊन वाटाड्याबरोबर रीतसर फेऱ्या सुरू झाल्या. गवतात आडवा पडलेला डायनासोर फेरीतल्या सगळ्यांच्या कॅमेऱ्यात जायचा. पोट फाटलेलं, आत हाडं ना मांस, नुसता पोकळ सांगाडा आणि त्यात साचलेली पानं. हंसाच्या होड्या शेवाळाने हिरव्या पडलेल्या. रोलरकोस्टरचे रूळ एका अक्राळविक्राळ रंगीत जबड्यात शिरतात. ‘हॅना’ या २०११ सालच्या हॉलिवूडपटाचा शेवट इथेच चित्रित झाला. बाग धडधाकट असती तर इथे कॅमेरा आला असता का, याची मला शंका आहे. पाळणे फिरत होते तेव्हा गिऱ्हाईक रोडावत गेलं. ते गंजले आणि लोक पुन्हा दाराशी आले.

हे बर्लिन शहराच्याही लक्षात आलं असावं. २०१४ मध्ये शहराने बागेचा ताबा परत मिळवला. त्याच वर्षी आगीत बराच भाग जळाला. २०१६ पासून ‘ग्र्यून बर्लिन’ ही सरकारी कंपनी कारभार बघते. बेत असा की इथे निसर्ग आणि कला एकत्र नांदाव्यात आणि जुन्या खेळांचे अवशेष सांभाळले जावेत. पाळणा जानेवारी २०२१ मध्ये उतरवला, तो दुरुस्त करून पाण्यावर पुन्हा उभारण्यासाठी. शेजारचं ‘आयरहॉयशेन’ हे शंभर वर्षांहून जुनं खानावळघरही पडीक होतं, तेही डागडुजी होऊन उघडलं आहे.

मोडतोड जपण्यावर सरकारी पैसा ओतायचा, हे आपल्याकडच्या कुठल्याही नगरसेवकाला पटवून देता येणार नाही. मला पटतं, पण एका अटीवर: पाळण्याला वंगण घालताना थोडा हात आखडता घ्यावा.