शिटा : मिश्कानाचे झाड, वाळवंटाचा आधार

तू बिश्वात आला की आपल्या घरी मलिद्याचे ताट सजते. आपण फळे मांडतो, एलियाहू हनाबीचे नाव घेतो, मुले शाळेतून रोपे लावून येतात. बदाम, अंजीर, डाळिंब, खजूर यांची त्या दिवशी सर्वांना आठवण होते. पण तोरात मान मिळालेले एक झाड आपण विसरतो. ते म्हणजे शिटा.

शेमोतच्या पुस्तकात मिश्कानाच्या फळ्या, अरोन आणि मेज शिटीमच्या लाकडाचे करण्याची आज्ञा आहे. भारतात वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे झाड लगेच ओळखू येईल, कारण शिटा ही आपल्या बाभळीची चुलत बहीण. तेच काटे, तशीच बारीक पाने, तसेच फुलांचे गोंडे. फक्त हिच्या शेंगा पिळलेल्या असतात.

बेएर शेवाला वर्षाकाठी सुमारे 200 मिलिमीटर पाऊस पडतो, एलातला 30 सुद्धा नाही. कोकणात 2000 हून अधिक पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. मग एलातच्या वाटेवर, अरावात, ही झाडे जगतात कशी? नीट पाहिले तर ती कुठेही वाढत नाहीत. नाखालच्या, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या, पात्रातच रांगेने उभी असतात. डोंगरावर पाऊस झाला की त्या पात्रातून शिटाफोन, म्हणजे अचानक पूर, येतो आणि काही तासांत ओसरतो. वाळू-गोट्यांच्या खाली मुरलेले ते पाणी शिटा आपल्या खोल मुळांनी पुढे कितीतरी दिवस पुरवून वापरते.

या एका झाडावर मोठे कुटुंब पोसले जाते. आपल्या चिंकाऱ्याच्या जातीचे वाळवंटी हरीण तिची पाने आणि शेंगा खाते. पानांतला ओलावा त्याला इतका पुरतो की पाणी न पिताही ते दीर्घकाळ राहू शकते. फांद्यांवर लाल फुलांचे बांडगूळ वाढते. त्याचा मध प्यायला चिमुकला शिंजीर येतो आणि जाताजाता परागकण वाहून नेतो. बांडगुळाची फळे बुलबुल खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर टाकतो. हा बुलबुल आपल्या लालबुड्याचाच भाऊबंद, पण याच्या बुडाशी पिवळा रंग.

शिटाच्या सावलीत सातभाईसुद्धा आहेत. हिब्रूत त्यांना ज़नवान म्हणतात. प्राध्यापक आमोत्स ज़हावी यांनी 1970 च्या दशकापासून हात्सेवा येथे या पक्ष्यांचा अभ्यास केला. थवा जमिनीवर किडे शोधत असताना एकजण झाडाच्या शेंड्यावर बसून पहारा करतो. ज़हावींना दिसले की हा पहारा कोणी टाळत नाही, उलट तो मिळवण्यासाठी त्यांच्यात चढाओढ असते. दुसऱ्याला घास भरवण्यातही तशीच चढाओढ. सेवा करणाऱ्याचा थव्यात मान वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते.

झाड प्राण्यांना पोसते, तसे प्राणीही झाडाला जगवतात. शिटाच्या शेंगांना एक भुंगेरा लागतो, आपल्या डब्यातल्या कडधान्याला लागतो त्याच कुळातला. तो बी आतून पोखरतो. पण हरणाने किंवा उंटाने शेंग वेळेवर खाल्ली, तर पोटात भुंगेऱ्याची अळी मरते, बियाचे कठीण कवच मऊ होते आणि लेंडीबरोबर बी दूर जाऊन पडते. पुढच्या पुराची ओल मिळाली की ते रुजते. म्हणजे नवे झाड उगवायला प्राणीही हवेत आणि पूरही हवा.

आता काळजीची गोष्ट. जिथे रस्त्याच्या भरावाने ओढ्याची वाट अडवली, तिथे भरावाच्या खालच्या बाजूची झाडे वाळली. एलातच्या उत्तरेला एव्ह्रोना राखीव क्षेत्र आहे. 3 डिसेंबर 2014 रोजी तेलवाहिनी फुटून तिथे सुमारे 50 लाख लिटर कच्चे तेल पसरले. त्याच क्षेत्रात 1975 मध्येही तेल सांडले होते. संशोधकांनी चाळीस वर्षांनी तो जुना भाग तपासला, तेव्हा मोठ्या शिटा जिवंत होत्या, पण त्यांच्या आसपास नवी रोपे फारच थोडी आढळली. लांबून पाहणाऱ्याला वाटते झाडे उभी आहेत, सर्व ठीक आहे. पण म्हातारी झाडे उभी असली आणि मागे लेकरे नसली, तर ते रान संपतच आलेले असते.

आपल्यापैकी पुष्कळजण दिमोना, येरूहाम, बेएर शेवा येथे राहतात, आणि सुटीत सगळेच एलातला जातात. तेव्हा वाटेत थांबा, शिटाच्या सावलीत डबा उघडा. मांगलसाठी मात्र तिची फांदी तोडू नका, वाळलेली असली तरी नको. कोळसा घरून न्यावा. गाडी ओढ्याच्या पात्रात घालू नका, कारण रुजलेले रोप बोटभर असते आणि चाकाखाली ते दिसतसुद्धा नाही. नातवंडांना शेंग उचलून दाखवा, त्यातली भोके दाखवा आणि सांगा की मिश्कान याच झाडाचा होता. शेंग मग तिथेच ठेवा. हरणाला ती लागेल.