नीलाविकार : तज्ज्ञांच्या संस्थांचे पुढील कार्य

पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणे हे नीलांचे कार्य होय. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि हे रक्त वर ढकलले जाते. नीलांतील झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या की रक्त साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, घोट्यालगतची त्वचा काळवंडते आणि अखेर तेथे महिनोन्‌महिने न भरणारा व्रण होतो. परिभाषेत ज्यास 'अपस्फीत नीला' म्हणतात, तो या व्याधीचा केवळ एक टप्पा आहे.

या विकाराचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्था जुन्या आहेत. फ्रान्समध्ये अशी संस्था १९४७ साली स्थापन झाली. अमेरिकेतील 'अमेरिकन व्हीनस फोरम' १९८० नंतरच्या दशकातील. भारतात 'व्हीनस असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था या क्षेत्रात आहे. अशा संस्थांचे आजवरचे सर्वांत मोलाचे कार्य म्हणजे त्यांनी वैद्यांना दिलेली समान भाषा. १९९४ मध्ये अमेरिकन फोरमच्या पुढाकाराने 'सीप' ही वर्गीकरणपद्धती तयार झाली. तीत बाह्य लक्षणांना शून्य ते सहा अशा पायऱ्या आहेत : दुसऱ्या पायरीवर फुगलेल्या शिरा, तिसरीवर सूज, चौथीवर त्वचेतील बदल, पाचवीवर भरून आलेला व्रण व सहावीवर उघडा व्रण. त्यामुळे एका गावचा रुग्ण दुसऱ्या गावच्या डॉक्टरांस नेमका कळू लागला.

पुढील काळात उपचारही बदलले. पूर्वी सदोष नीला शस्त्रक्रियेने ओढून काढीत. आता बारीक नलिकेतून लेसर किंवा रेडिओलहरींची उष्णता देऊन ती आतूनच बंद करतात व रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. सोय झाली, तसा मोहही वाढला. गरज नसताना नीला बंद करण्याचे प्रकार अमेरिकेत चर्चेचा विषय झाले, तेव्हा २०२० मध्ये तेथील संस्थांनी एकत्र येऊन कोणता उपचार कोणास योग्य याचे निकष जाहीर केले. आपल्या सभासदांच्या उत्पन्नास मर्यादा घालणारे असे निकष काढणे सोपे नसते. संस्थेची खरी कसोटी तेथेच लागते.

व्रणाच्या रुग्णाची गोष्ट मात्र उलट आहे. त्याला उपचार अधिक नव्हे, उशिरा मिळतात. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एव्हरा' अभ्यासात दाबपट्टीबरोबर सदोष नीलेवर लवकर उपचार केलेल्यांचे व्रण भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता. उपचार लांबवलेल्यांचा ८२ दिवस. खेड्यातील शेतमजुरास असा व्रण झाला, तर तो मलमे बदलत राहतो, प्रतिजैविकांवर खर्च करतो आणि व्याधीचे मूळ नीलेत आहे हे त्यास कोणी सांगत नाही.

म्हणून यापुढे या संस्थांनी परिषदांच्या सभागृहाबाहेर पडून परिचारिका व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांचे प्रशिक्षण हाती घेणे अगत्याचे आहे. दाबपट्टी बांधणे हे कौशल्याचे काम आहे. ती घोट्यापाशी घट्ट व वर क्रमाने सैल असावी लागते, सैल राहिली तर निरुपयोगी ठरते. शिवाय पट्टीपूर्वी पायाच्या रोहिण्यांतील रक्तप्रवाह पुरेसा आहे ना, हे घोटा व दंड यांच्या रक्तदाबाची तुलना करून पाहावे लागते; तो क्षीण असता घट्ट पट्टी पायास घातक ठरते. हे तालुकास्तरावर शिकवण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही, दंडाची पट्टी व लहान डॉप्लर उपकरण पुरते.

दुसरे कार्य कायद्याच्या दिशेचे आहे. तासन्‌तास एका जागी उभे राहिल्याने पोटरीचे स्नायू हलत नाहीत व रक्त साचते. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय असावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. दुकानांतील विक्रेत्यांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये व तामिळनाडूने २०२१ मध्ये दिला. असे नियम घडत असता वैद्यकीय आधार पुरवणे हे तज्ज्ञांच्या संस्थांचे काम आहे. शिक्षक, वाहतूक पोलीस, परिचारिका व कापड दुकानांतील नोकरवर्ग यांची पाहणी करून निष्कर्ष शासनापुढे ठेवले, तर कोठे स्टूल द्यावे व कोठे कामाच्या पाळीत चालण्याची सुटी द्यावी, हे ठरवता येईल.