शेवयांचे नूडल्स, दूध-तुपाशिवाय

माळेगावच्या यात्रेत नूडल्सच्या गाड्यापुढं आपण सगळेच उभे राहतो. पण नूडल्स म्हणजे आपल्या शेवयांचीच भावंडं आहेत. चीनमध्ये लाजिया नावाच्या ठिकाणी सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे नूडल्स एका उपड्या वाडग्याखाली सापडले. ही माहिती २००५ साली जगाला कळली. ते राळ्याचे होते, असे तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितले. आपल्या शेवया मात्र गव्हाच्या असतात. गव्हाचे पीठ भिजवून चांगले तिंबले की त्याला ओढ येते, तार लवकर तुटत नाही. ज्वारीच्या पिठाला ती ओढ नसते. म्हणून तर भाकर थापावी लागते!

आमच्या घरी उन्हाळ्यात शेवया करतात. मशीन बाजेला आवळायचे, एकाने दांडा फिरवायचा आणि माय खालून काठीवर शेवया झेलते. कडक वाळवून डबा भरला की वर्षाची काळजी नाही. पण सणाला त्यांची खीर होते, आणि माझ्या धाकट्या बहिणीला दूध सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. डॉक्टरांनी दूध, दही, तूप सगळेच बंद केले आहे. सगळे खीर खातात तेव्हा ती नुसती बघत बसायची. म्हणून माय तिच्यासाठी भाज्या घालून शेवया करू लागली. आता आम्हीही खीर सोडून तेच मागतो.

चौघांना पाव किलो शेवया पुरतात. मशीनच्या जाड शेवया घ्या, हाताच्या बारीक शेवयांचा गिचका होतो. मोठ्या पातेल्यात दीड-दोन लिटर पाण्याला उकळी आणून मीठ टाकावे, मग शेवया सोडाव्यात. दोन मिनिटांनी एक तार काढून बोटात दाबून पाहावी. दबली पण फुटली नाही, की लगेच चाळणीत ओताव्यात. वरून गार पाणी घालावे म्हणजे शिजणे थांबते आणि वरचा चिकट भाग धुऊन जातो. मग थोडं तेल चोळून ठेवावे.

गाजर, पत्ताकोबी, शिमला मिरची लांब आणि बारीक चिरून घ्यावी. चिरणे मोठ्यांनी करावे, कढईजवळही मोठे माणूस पाहिजेच. लोखंडी कढईत तेल चांगले तापले की लसूण, कांदा, मग गाजर, कारण ते उशिरा शिजते. कोबी आणि मिरची नंतर. जाळ मोठा ठेवावा. मीठ शेवटी घालावे, नाहीतर भाज्यांना पाणी सुटते आणि कुरकुरीतपणा जातो. मग शेवया टाकून खालून वर उचलाव्यात. गरगर ढवळल्या की तुकडे होतात. वरून कांद्याची पात आणि शेंगदाण्याचं कूट घालावे.

मसाल्याच्या पुडीवर हिरवा ठिपका असला की आपण निश्चिंत होतो. पण तो ठिपका शाकाहाराचा आहे, त्यात दूध पावडर असू शकते. मागची बारीक अक्षरं वाचायलाच पाहिजेत. आमच्या घरी ते काम माझ्याकडं आहे. तरी माय पुडी क्वचितच आणते, घरचाच काळा मसाला घालते. बहिणीला तिखट लागतं, म्हणून तिच्या वाटणीचं मसाला टाकायच्या आधी काढून ठेवतात.