भिंतीवरचा आकडा कोणासाठी?

इस्त्री चालू असताना मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो आणि तिचा छोटा दिवा विझतो. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’ होते आणि दिवा लागतो. हा आवाज करणारा भाग म्हणजे थर्मोस्टॅट. गिझर, फ्रिज आणि एसीतही तो असतो; पण यंत्राच्या पोटात दडलेला असल्यामुळे आपली त्याच्याशी फारशी ओळख होत नाही. अमेरिका-कॅनडातल्या घरांत मात्र तो भिंतीवर बसवलेला असतो आणि सबंध घराची थंडी-ऊब ठरवतो. मुलामुलींकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या इकडच्या आईवडिलांची त्याच्याशी गाठ पडते ती तिथेच. घरात थंडी वाजत असते. पण त्या डबीला हात लावायचा धीर होत नाही. आपण काही दाबले आणि बिघडले तर? मग स्वेटरवर शाल घेऊन दिवस काढला जातो.

ही केवळ गैरसोयीची गोष्ट नाही. उतारवयात घरातली बेताची थंडीसुद्धा शरीराला महागात पडू शकते. म्हणून ही डबी काय करते, ती कुठे बसवावी आणि तिच्यात कोणते आकडे भरावेत, हे घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक असायला हवे.

शेगडी नव्हे, इस्त्री

गॅसच्या शेगडीचे बटण जास्त फिरवले की ज्योत मोठी होते आणि पाणी लवकर उकळते. थर्मोस्टॅटही असाच चालतो, असे पुष्कळांना वाटते. घर लवकर तापावे म्हणून ७० ऐवजी ८५ अंश फॅरनहाइट लावले जातात. विलेट केम्प्टन या अमेरिकी संशोधकाने १९८६ साली याच विषयावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. थर्मोस्टॅट म्हणजे कमी-जास्त सोडायचा नळ, अशी समजूत अमेरिकेतल्या सामान्य माणसांमध्येही आढळते, हे त्याने मुलाखतींतून दाखवले. तेव्हा हा गैरसमज फक्त पाहुण्यांचा नाही.

प्रत्यक्षात बहुतेक थर्मोस्टॅट हा चालू-बंद करणारा साधा स्विच असतो. ठरवलेल्या आकड्यापेक्षा खोली थंड झाली की तो फर्नेस सुरू करतो आणि आकडा गाठला की बंद करतो. साध्या फर्नेसचा जोर ७० लावले काय किंवा ८५ लावले काय, तेवढाच असतो. खोली ७० पर्यंत पोचायला दोन्ही वेळा सारखाच वेळ लागतो. फरक एवढाच, की ८५ लावल्यावर ७० पार झाले तरी फर्नेस थांबत नाही. मग घाम फुटतो, कोणी तरी आकडा एकदम ६० वर आणतो आणि दिवसभर ही खेचाखेच चालू राहते.

या यंत्राचा उगमही अशाच एका त्रासात आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. वर्ग फार तापला किंवा गारठला आहे का, हे पाहायला शाळेचा शिपाई वर्गावर्गांतून फिरे आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप हलवे. खोलीतूनच भट्टीपर्यंत खबर पोचावी म्हणून जॉन्सन यांनी विजेवर चालणारे उपकरण तयार केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडपट्टीचे थर्मोस्टॅट घरोघरी आले. उष्णतेने एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि जोडणी तुटते किंवा जुळते. आज पट्टीच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक आला असला, तरी काम तेच आहे.

जागा चुकली की आकडा चुकतो

थर्मोस्टॅट साऱ्या घराचे तापमान मोजत नाही. तो टांगलेला असतो तेवढ्या जागेतली हवा त्याला कळते. म्हणून तो घराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, माणसांची वर्दळ असलेल्या भागात बसवतात. त्याच्यावर ऊन पडू नये. जवळ दिवा, टीव्ही, स्वयंपाकघर, बाहेरचे दार किंवा गरम हवेचा झरोका नसावा. नाहीतर डबीपाशी ७२ अंश आणि मागच्या खोलीत ६५, असा प्रकार होतो. तारांसाठी भिंतीला पाडलेले भोकही बुजवावे लागते. भिंतीच्या पोकळीतून येणारी गार हवा संवेदकाला फसवते.

नवा थर्मोस्टॅट पुष्कळजण स्वतःच बसवतात. जुन्या पद्धतीच्या मध्यवर्ती हीटिंगमध्ये तो साधारणतः २४ व्होल्टच्या बारीक तारांवर चालतो. तरीही काही गोष्टी पाळायलाच हव्यात. आधी फर्नेस आणि एसी या दोन्हींची वीज मुख्य पेटीतून बंद करावी. जुनी डबी उघडल्यावर तारा काढण्याआधी फोटो घ्यावा आणि प्रत्येक तारेला खुणेची चिठ्ठी लावावी. रंगांवर भरवसा ठेवू नये; तार ज्या अक्षराखाली जोडली आहे ते अक्षर महत्त्वाचे. सहसा ‘आर’ म्हणजे वीजपुरवठा, ‘डब्ल्यू’ हीटिंग, ‘वाय’ थंडावा, ‘जी’ पंखा आणि ‘सी’ परतीची तार. वायफायवर चालणाऱ्या बहुतेक थर्मोस्टॅटना अखंड वीज लागते, त्यासाठी ही ‘सी’ तार हवी असते. जुन्या घरांत नेमकी तीच जोडलेली नसते.

डबीमागे जाड तारा दिसल्या तर काम तिथेच थांबवावे. भिंतीलगतच्या विजेच्या हीटरना १२० किंवा २४० व्होल्टचा थर्मोस्टॅट लागतो. तिथे २४ व्होल्टचा जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. अशा वेळी तंत्रज्ञालाच बोलवावे.

वेळापत्रक कोणाचे?

थर्मोस्टॅट भिंतीवर चढवणे हा कामाचा सोपा भाग. खरा प्रश्न त्यात भरायच्या वेळापत्रकाचा असतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते दिवसातले आठ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० अंश फॅरनहाइटने बदलून ठेवले, तर हीटिंग आणि थंडाव्याच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. म्हणजे हिवाळ्यात घरी कोणी नसताना किंवा सगळे झोपलेले असताना आकडा खाली न्यायचा. (हीट पंप असलेल्या घरात मात्र हा नियम सरसकट लावू नये. तापमान एकदम वर चढवायची वेळ आली, की विजेचे महागडे पूरक हीटर सुरू होतात आणि बचत तिथेच जाते.)

आता हे वेळापत्रक कोणासाठी लिहिलेले असते, ते पाहा. दोघे नोकरीला, मुले शाळेत. सकाळी आठला घर रिकामे, संध्याकाळी पाचला भरलेले. म्हणून आठ ते पाच तापमान खाली. या घरात आईवडील राहायला येतात आणि वेळापत्रक तसेच राहते. दिवसभर घरात असणारी माणसेच नेमकी गारठ्यात बसतात.

‘स्मार्ट’ थर्मोस्टॅटमुळे हे आपोआप सुटेल असे नाही. यांतले काही समोरच्या हालचालीवरून आणि घरच्यांच्या मोबाइलवरून घरात कोणी आहे का, याचा अंदाज घेतात. बाबा मागच्या खोलीत पुस्तक वाचत आहेत, आई दुपारची पडली आहे आणि दोघांचेही फोन त्या यंत्राशी जोडलेले नाहीत. यंत्राच्या हिशेबी घर रिकामे! ते तापमान उतरवते. त्यामुळे पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच वेळापत्रक नव्याने भरावे, ‘घरी कोणी नाही’ ही सोय बंद करावी किंवा दुसरा संवेदक आईवडिलांच्या खोलीत ठेवावा. आणखी एक काम करावे: तापमान दोन अंश वर कसे न्यायचे, हे त्यांना शिकवून त्यांच्याच हातून एकदा करून घ्यावे. दोन बाणांचे बटण आहे. त्याने काही मोडत नाही.

वय वाढलेल्या शरीराचे गणित

म्हातारपणी थंडी जास्त वाजते, एवढेच आपण धरून चालतो. धोका अनेकदा उलटा असतो: थंडी पुरेशी जाणवतच नाही. वयोमानाने शरीरात उष्णता कमी तयार होते, कातडीखालची चरबी विरळ होते आणि थंडीत रक्तवाहिन्या आकसून आतली ऊब राखण्याची क्रिया मंदावते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल किंवा थायरॉइडचे काम मंद असेल, तर त्यात भर पडते. काही औषधांचाही परिणाम होतो. शिवाय गारठ्याने रक्तदाब वाढतो.

अमेरिकेची वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्था सांगते, की ६० ते ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंधरा ते साडेअठरा अंश सेल्सियस, इतक्या बेताच्या गार घरातही वृद्धांच्या शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून वृद्धांच्या घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सियस ठेवावे, असा तिचा सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड ऋतूत घरातले किमान सुरक्षित तापमान १८ अंश सेल्सियस मानले आहे आणि वृद्ध, लहान मुले व आजारी माणसांना त्याहून अधिक लागू शकते, असे म्हटले आहे. तरुण जोडप्याने बचतीसाठी रात्री लावलेला ६२ चा आकडा वृद्धांसाठी बचतीचा राहत नाही. बोलताना जीभ अडखळणे, गुंगी, गोंधळल्यासारखे वागणे अशी लक्षणे गारठलेल्या वृद्धात दिसली आणि शरीराचे तापमान ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली आढळले, तर तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

आकडा ७० दाखवतो आहे, तरी थंडी वाजते, ही तक्रारही खोटी नसते. माणसाला वाटणारी ऊब केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. भिंती-काचांचे तापमान, हवेतला ओलावा, वाऱ्याचा झोत, अंगावरचे कपडे आणि हालचाल हे सगळे त्यात येते. मोठ्या खिडकीजवळ बसलेल्या माणसाच्या शरीरातली उष्णता त्या गार काचेकडे जात राहते. तेव्हा आकडा वाढवण्याआधी खुर्ची खिडकीपासून हलवून पाहावी, रात्री पडदे ओढावेत, पायांत मोजे घालावेत. ऊब मिळवण्यासाठी ओव्हन उघडा ठेवणे किंवा घरात कोळसा पेटवणे मात्र कदापि नको. गॅस-फर्नेस असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण चालू आहे ना, हेही पाहावे.

आपल्या एसीचेही तेच

हे सारे परदेशापुरते नाही. मे महिन्यात बाहेरून आल्यावर रिमोटवर १६ लावणारा माणूस तीच चूक करत असतो. खोली २४ पर्यंत यायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. १६ लावल्याने एसी फक्त पुढे चालत राहतो आणि मध्यरात्री पांघरुणाची शोधाशोध होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार एसीचे तापमान एक अंशाने वाढवले, की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार मानांकनाचे घरगुती एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले असावेत, असा नियम झाला तो त्यामुळेच. २६ अंश आणि सोबत हळू पंखा, हेही पुष्कळांना पुरते. स्प्लिट एसीचा संवेदक सहसा छताजवळच्या युनिटमध्ये असतो. पलंगावर, थेट झोताखाली झोपलेल्या आजीला किंवा तान्ह्या बाळाला काय वाटते, ते त्याला कळत नाही.

एक साधा उपाय दोन्हीकडे चालतो. खोलीचे तापमान दाखवणारा छोटा, स्वस्त तापमापक घ्यावा आणि घरातले सर्वांत वयस्कर किंवा सर्वांत लहान माणूस जिथे जास्त वेळ असते, तिथे ठेवावा. भिंतीवरच्या किंवा रिमोटवरच्या आकड्याशी तो ताडून पाहावा. दोन्हींत तफावत असेल, तर खरा मानायचा तो माणसाजवळचा. आणि आकडा कितीही बरोबर असला, तरी दिवसातून एकदा त्या माणसाच्या हातापायांना हात लावून पाहावा.