विद्युत मोटारींकडे संक्रमण : व्यवहार्यता आणि न्याय्यता (महाराष्ट्राच्या संदर्भात)

प्रस्तावना

विजेवर चालणारी वाहतूक महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर विजेची रेल्वेगाडी धावली आणि १९३० मध्ये मुंबई-पुणे प्रवासासाठी ‘डेक्कन क्वीन’ आली. या वाहनांचे एक समान वैशिष्ट्य असे की, ती सर्वांची होती. तिकिटाचे पैसे देऊ शकणारा कोणीही त्या विजेचा लाभार्थी ठरत असे. गेल्या दशकात मात्र ‘विद्युत वाहन’ हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खाजगी मोटार उभी राहते. हा बदल केवळ जाहिरातींमुळे झालेला नाही. शासकीय सवलतींची रचनाही त्याला काही अंशी कारणीभूत आहे.

विद्युत मोटारींविषयीची चर्चा सामान्यतः दोन प्रश्नांभोवती फिरते. मोटार एका चार्जिंगमध्ये किती धावते आणि बॅटरी किती वर्षे टिकते? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु या संक्रमणाचा लाभ कोणाला मिळतो आणि भार कोणावर पडतो, हा प्रश्न सहसा वेगळ्या दालनात ठेवला जातो. प्रस्तुत लेखात व्यवहार्यता आणि न्याय्यता या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार केला आहे. कारण हिशेब मांडू लागल्यास त्या परस्परांपासून वेगळ्या राहत नाहीत.

खर्चाचे गणित आणि वाहनतळाचा प्रश्न

मध्यम आकाराच्या विद्युत मोटारीला १०० किलोमीटरसाठी सुमारे १५ युनिट वीज लागते. घरगुती विजेचा दर प्रतियुनिट १० रुपये धरला, तर प्रतिकिलोमीटर खर्च दीड रुपया येतो. लिटरमागे १५ किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल मोटारीला, पेट्रोल लिटरला १०० रुपयांच्या आसपास धरल्यास, हाच खर्च सुमारे पावणेसात रुपये पडतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे पाच रुपयांहून थोडी अधिक बचत होते. विद्युत मोटारीची किंमत तीन लाख रुपयांनी जास्त आहे असे गृहीत धरले, तर ती रक्कम वसूल होण्यासाठी मोटार सुमारे ५७ हजार किलोमीटर चालावी लागेल. वर्षाला १० हजार किलोमीटर मोटार चालविणाऱ्या कुटुंबाला यासाठी जवळजवळ सहा वर्षे लागतील. वर्षाला ६० हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला एक वर्षही लागणार नाही. जे वाहन अधिक धावते त्याचे विद्युतीकरण अधिक किफायतशीर, हा या गणिताचा पहिला निष्कर्ष होय.

दुसरा निष्कर्ष सामाजिक स्वरूपाचा आहे. वरील हिशेबातील दीड रुपयाचा दर केवळ स्वतःच्या वाहनतळावर स्वतःच्या मीटरची वीज वापरणाऱ्यालाच उपलब्ध होतो. चाळीत, जुन्या वाड्यात अथवा वाहनतळ नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याला सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर अवलंबून राहावे लागते. तेथील दर प्रतियुनिट २० रुपये धरल्यास खर्च दुप्पट होतो. त्यातच चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तर घरगुती विजेवर तो नाही. मोटारीवर ५ टक्के आणि ती चार्ज करण्याच्या सेवेवर १८ टक्के, ही करपद्धती कोणी जाणीवपूर्वक योजली असेल असे वाटत नाही. तथापि तिचा परिणाम स्पष्ट आहे. ज्याच्याकडे जागा आहे त्याला इंधन स्वस्त मिळते आणि ज्याच्याकडे नाही त्याला महाग. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींतील किमान २० टक्के वाहनतळ चार्जिंगयोग्य असावेत अशी अपेक्षा व्यक्त केली, परंतु ती नव्या बांधकामांपुरतीच होती. शहरांतील बहुसंख्य लोक जुन्या इमारतींत राहतात.

सवलतींची वाटणी

केंद्र शासनाने २०१९ मध्ये ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा आणला तेव्हा चारचाकींचे अनुदान व्यावसायिक व सार्वजनिक वापराच्या वाहनांपुरते मर्यादित ठेवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतही खाजगी मोटारींना अनुदान नाही; भर दुचाकी, तीनचाकी, बस, रुग्णवाहिका व मालमोटारींवर आहे. ही दिशा योग्य म्हणावी लागेल. मात्र खाजगी मोटारीला मिळणारी सवलत करांच्या मार्गाने आली. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि तो किंमत न पाहता सर्वांना सारखाच लागू झाला. कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंतची आयकर वजावट (एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळातील कर्जांसाठी) ही स्वभावतःच आयकर भरणाऱ्यांच्या उपयोगाची होती. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही, अशा डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाला तिचा काय लाभ?

राज्याच्या २०२१ च्या धोरणाचे आकडे अधिक बोलके आहेत. त्यात बॅटरीच्या प्रतिकिलोवॅटतास ५,००० रुपये अनुदान होते. दुचाकीसाठी कमाल १० हजार, मोटारीसाठी कमाल दीड लाख. दर समान असल्याने तो वरकरणी न्याय्य भासतो. अनुदान १ लाख दुचाकी व १० हजार मोटारींपुरते मर्यादित होते. कमाल रकमेने हिशेब केल्यास दुचाकीस्वारांसाठी १०० कोटी आणि मोटारमालकांसाठी १५० कोटी रुपये होतात. लाभार्थी एकदशांश आणि रक्कम दीडपट! याच धोरणात १,००० बसगाड्यांना प्रत्येकी २० लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद होती, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्य शासनाने ३० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विद्युत मोटारींवर ६ टक्के कर प्रस्तावित केला. महागड्या मोटारीने थोडा भार उचलावा, हे त्यामागील तत्त्व होते. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात हा प्रस्ताव मागे घेत असल्याचे जाहीर केले. पुढे मे २०२५ मध्ये नवे धोरण आले आणि त्यानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग यांवर विद्युत मोटारी व विद्युत बस यांना टोलमाफी मिळाली. तिची अंमलबजावणी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली.

या टोलमाफीचा बारकाईने विचार केला पाहिजे. द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ मध्ये मोटारीचा टोल ३२० रुपये व बसचा ९४० रुपये झाला. अटल सेतूवर उद्घाटनाच्या वेळी मोटारीसाठी २५० रुपये ठरला. महिन्यातून चार वेळा मुंबई-पुणे जा-ये करणाऱ्या विद्युत मोटारमालकाची, ३२० रुपयांच्या दराने, वर्षाला ३०,७२० रुपयांची बचत होते. त्याच रस्त्यावरून डिझेल बसने जाणारा प्रवासी मात्र टोलचा आपला वाटा तिकिटातून भरत राहतो. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. बस कोणत्या इंधनावर चालावी हे त्या प्रवाशाच्या हाती नाही. एकटा माणूस वीस लाखांच्या मोटारीतून विनामूल्य जातो आणि चाळीस माणसे मिळून टोल भरतात, हे दृश्य पर्यावरणाच्या नावाने समर्थनीय ठरविणे कठीण आहे. माफ झालेली रक्कम शेवटी कोणाच्या तरी खात्यातून जातेच.

आरंभीच्या काळात प्रोत्साहनाशिवाय नवे तंत्रज्ञान रुजत नाही, हा युक्तिवाद मात्र डावलता येत नाही. नॉर्वेने १९९७ मध्ये विद्युत मोटारींना टोल माफ केला आणि २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी विजेवरच्या होत्या. परंतु वाहने वाढू लागताच तेथे टोल पुन्हा अंशतः लागू झाला आणि २०२३ मध्ये करमाफीला ५ लाख क्रोनरची किंमतमर्यादा घालण्यात आली. शिवाय नॉर्वेची वीज जवळजवळ पूर्णपणे जलविद्युत आहे. महाराष्ट्राची तशी नाही.

धूर कोठे निघतो

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. वहनातील गळती धरून १५ युनिटांसाठी १७ ते १८ युनिट निर्माण करावी लागतात. म्हणजे १०० किलोमीटरमागे सुमारे १२ किलो उत्सर्जन. पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो धरल्यास १५ किलोमीटर धावणाऱ्या मोटारीचे उत्सर्जन १५ किलोंच्या पुढे जाते. लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या लहान मोटारीचे साडेअकरा किलो. पेट्रोलचे उत्खनन व शुद्धीकरण यांतील उत्सर्जन मिळविले तर विद्युत मोटार सरस ठरते, मात्र तिच्या बॅटरीच्या निर्मितीतील उत्सर्जनही विसरता येत नाही. वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसे हे अंतर वाढेल. तूर्त ते समजले जाते तितके मोठे नाही.

त्याहून महत्त्वाचे आहे स्थलांतर. मोटारीच्या नळीतून निघणारा धूर पुणे-मुंबईत थांबतो आणि काही अंशी चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी येथील चिमण्यांतून निघतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. दाट वस्तीच्या शहरात धूर कमी होणे हा खराखुरा लाभ आहे. तो चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला आणि पदपथावरील विक्रेत्यालाही मिळतो. परंतु कोळशाच्या खाणी, राख आणि चिमण्या यांच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना ना मोटारीचे अनुदान मिळते ना टोलमाफी.

कामगारांचा प्रश्न येथे केवळ निर्देशापुरता घेता येईल. कोल्हापूरजवळील शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांत इंजिनाचे ओतीव भाग तयार होतात. भोसरी-चाकण परिसरातील अनेक लघुउद्योग इंजिन व गिअरबॉक्सच्या सुट्या भागांवर उभे आहेत. विजेच्या मोटारीला हे भाग लागतच नाहीत. मोठे कारखाने नवे उत्पादन हाती घेतील. त्यांना माल पुरविणाऱ्या लहान कारखानदाराकडे त्यासाठीचे भांडवल नसते.

प्राधान्यक्रम

वाहनाचे विद्युतीकरण व्हावे की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. प्रश्न क्रमाचा आहे. ४० किलोवॅटतासांच्या एका मोटारीच्या बॅटरीइतक्या सामग्रीत ३ किलोवॅटतासांच्या १३ स्कूटरी तयार होऊ शकतात. शहर बस दररोज दोनशे किलोमीटरच्या आसपास, ठरावीक मार्गाने धावते आणि रात्री आगारात परतते. तिच्या चार्जिंगचे नियोजन खाजगी मोटारीपेक्षा कितीतरी सुलभ आहे. पुण्यात पीएमपीएमएलने फेब्रुवारी २०१९ पासून विद्युत बस चालवून हे दाखवून दिले. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर या मार्गावर, जेथे १९४८ मध्ये एस.टी.ची पहिली गाडी धावली होती, तेथेच ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू झाली. त्यानंतर ५,१५० बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला, पण बस ठरलेल्या वेळापत्रकानुसार आल्या नाहीत. मोटारींची टोलमाफी काही महिन्यांत अंमलात आली, ग्रामीण प्रवाशाची विजेची बस मात्र रखडली.

महाविद्यालयांच्या परिसरात हाच प्रश्न लहान प्रमाणात पाहता येतो. २०२१ च्या धोरणात संस्थात्मक इमारतींतील २५ टक्के वाहनतळ चार्जिंगयोग्य करण्याची अपेक्षा होती. महाविद्यालयातील वाहने नेमकी सूर्यप्रकाशाच्या तासांत उभी असतात, त्यामुळे छतावरील सौर वीज थेट त्यांना देता येते आणि रात्रीच्या कोळशाच्या विजेची गरज घटते. १० किलोवॅटचा सौर संच दिवसाला सरासरी ४० युनिट वीज देतो. रोज ३० किलोमीटर ये-जा करणाऱ्या मोटारीला साडेचार युनिट लागतात, स्कूटरीला सुमारे एक. म्हणजे एका संचावर प्राध्यापकांच्या नऊ मोटारी चालतील अथवा विद्यार्थी व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या चाळीस स्कूटरी. आणि स्कूटरीला जलद चार्जरही लागत नाही, भिंतीवरचा १५ अँपिअरचा साधा सॉकेट पुरतो.